दाजी म्हणू का नको?

कुपवाड, सोमवार

ती. अक्काला अर्जुनाचा नमस्कार.

माजी तब्येत झ्याक हाय, डबा वेळेवर येतो. आईचा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का? फोनवर बोलताना आई शेजारी असती, म्हणून हे लिवतोय.

तू भांडून माहेरी गेलीस त्याला दोन महिनं झालं. इथं दाजी अन् मी एकाच शेडात. मी दाजी म्हणायचो, ते ऐकून सगळी कंपनीच त्यांना दाजी म्हणाय लागली, पार वॉचमनसुद्धा. बाकीच्यांचं दाजी-दाजी अजून चालूच हाय, अन् माजीच जीभ अडती. बहीण माहेरी बसल्यावर दाजी कुठलं? नाव घ्यावं तर तोंड धजत न्हाई. ह्या नादात मशीनवरचं दोन जॉब बिघडून वाया गेलं. तसं काळजीचं काय न्हाई.

काल नुसतं म्हणालो, "आवं, पाना द्या."

पाना हातात धरून ते तसंच उभं राहिलं. म्हणालं, "अर्जुना, काय बी म्हण, पण आवं म्हणू नगंस. ती हाक तुज्या अक्काची हाय."

माजं राहू दे, अक्का. तू कवा हाक मारतीस?

तुजा धाकटा,
अर्जुना