प्लेटवरचे पांढरे ठिपके

मंगळवार, संध्याकाळ

पिशोर गावच्या पेशंट बाईच्या रक्तातले जंतू वाढवायला ठेवलेल्या प्लेटवरचे पांढरे ठिपके आधी मीच पाहिले होते. कातडीवरचे नेहमीचे जंतू, सुई टोचताना आले असतील, म्हणून प्लेट टाकायला काढली. वीस वर्षं लॅबमध्ये हेच करतेय. शबाना गेल्याच महिन्यात नोकरीला लागलेली. म्हणाली, "ताई, हिच्या हृदयाची झडप बदललेली आहे. दुसऱ्या हाताचं रक्त मागवू का?"

"मागव. तुला हौसच लई."

त्यातही तेच ठिपके. म्हणजे सुईबरोबर आलेले नव्हेत, रक्तातलेच; झडपेलाच लागण. आज लॅबच्या मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर शबानाचं कौतुक केलं. बाई वाचेल म्हणे. मला आनंद का होत नाही? ते ठिपके माझेच होते ना?

प्लेट मी टाकणार होते, हे तिनं सरांना सांगितलं नाही. त्याचाच जास्त राग येतोय.