आमच्या कारखान्यातली बडबडी

३ जून
घेतली! ठेवून घेतली तिला. मास्तर फुरंगटून बसलेत. बसू देत.

तिची आई घेऊन आली होती. मी विचारायचं लेकीला आणि उत्तर द्यायचं आईनं — "तिला ऐकू येत नाही हो, बोलताही येत नाही, पण शिवणात हात बरा आहे. पोर गुणाची आहे." पोर कसली, चांगली तिशीची बाई! शेवटी तिनंच टेबलावरचा खडू उचलला आणि लिहिलं — 'मला विचारा.' कुठं? माझ्या नव्याकोऱ्या निळ्या कापडावर! राग यायला हवा होता. हसू आलं.

मास्तर बाबांच्या वेळेपासून आमच्याकडं कापड कापतात. म्हणाले, "ताई, हा गणवेशांचा कारखाना आहे, धर्मशाळा नाही. उद्या आग लागली तर तिला हाक कशी मारणार?"
"तुम्ही दंडाला धरून बाहेर न्याल," म्हटलं. पण प्रश्न खरा आहे. वायरमनला बोलावलंय.

६ जून
घंटेला लाल दिवा जोडला. घंटा वाजली की तोही पेटतो. सुट्टी झालेली आता सगळ्यांनाच कळते — मशीनच्या खडखडाटात ती घंटा कुणाला ऐकू येत होती म्हणा!

११ जून
चिडलीय. मी तिला दोरे कापायला बसवलं होतं. हलकं काम, त्रास नको म्हणून. आज कात्री आपटली आणि मी दिलेल्या पाटीवर लिहिलं — 'घरी हेच करत होते. मशीन द्या.'

आणि मला मेलीला वाटत होतं, मी माया करतेय!

दिलं मशीन. संध्याकाळी तिच्या कॉलरी पाहिल्या. दृष्ट काढावी अशा काही नाहीत. बऱ्या आहेत. शिकेल.

२४ जून
तिचं नाव पडलं — बडबडी! काजं-बटणं करणारीनं ठेवलं. खरंच आहे, हात क्षणभर स्वस्थ नसतात. मला धास्ती, वाईट वाटेल. लिहून दाखवलं तर हसून हसून ठसका लागला तिला. मग तिनंही आमची नावं ठेवली, खुणांची. मी म्हणजे नाकावरून घसरलेला चष्मा वर ढकलायचा. मास्तर म्हणजे नुसते गाल फुगवायचे.

ह्यांना घरी माझं नाव करून दाखवलं. म्हणाले, "अगदी तूच." ह्यांच्या चहात साखर घातली नाही.

९ जुलै
वाईट दिवस. अख्खा गठ्ठा वाया गेला. शाळेनं ऐनवेळी कॉलर बदलली — टोकदार नको, गोल. मी घाईत, दारातूनच ओरडून सांगितलं आणि निघून गेले. बडबडी बिचारी टोकदारच शिवत राहिली.

मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "मी आधीच सांगत होतो." शब्द ऐकू आले नसतील, तोंड तर दिसलं! ती उठली. पाटीवर लिहिलं — 'सगळ्यांना सांगितलं. मला कोणी सांगितलं?'

मग काजं-बटणंवाली हळूच म्हणाली, "ताई, मलाही नव्हतं ऐकू आलं. शेजारणीचं बघून केलं मी."

बडबडी पिशवी घेऊन निघून गेली. डबासुद्धा उघडला नव्हता.

१० जुलै
आली नाही.

११ जुलै
तिच्या घरी गेले. आई हात जोडायला लागली, "पदरात घ्या." म्हटलं, चूक माझी आहे, तिची नाही. बडबडी दारात उभी. 'चुकले' हातांनी कसं म्हणायचं, मला कुठं ठाऊक! मग आपलाच कान धरला. ती बघत राहिली. पुढं आली, माझा हात कानावरून काढला आणि खरी खूण शिकवली. परत करायला लावली — पहिली नीट झाली नव्हती म्हणे!

१३ जुलै
भिंतीवर फळा लावला. कुठलाही बदल नुसता तोंडी सांगायचा नाही. फळ्यावर लिहायचा, दिवा लावायचा. मग सांगणारी मी का असेना.

मुख्याध्यापिका कुरकुरल्या, पण मुदत दिली. सगळ्या थांबून गोल कॉलरी शिवताहेत. मास्तर उसवायला बडबडीशेजारीच बसले. तिच्याशी अबोला धरलाय म्हणे. तिच्याशी अबोला! काय उपयोग, त्यांचं त्यांना माहीत.

२ सप्टेंबर
आता मशीनं कितीही खडखडू देत, गप्पा थांबत नाहीत. ह्या टोकाहून त्या टोकाला, हातांनी! आज बायका कशावरून तरी खो खो हसल्या. मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, काय म्हणाली हो ती? सगळ्यांना कळतं. मी एकटाच खुळ्यासारखा बघत बसतो." चेहरा एवढासा झालेला.
"तिलाच विचारा."

गेले की! सुट्टीत दोघं समोरासमोर. ते बोटं वाकडी करताहेत, ती कपाळावर हात मारतेय. बाबा असते तर डोळे भरून बघितलं असतं त्यांनी.

२० जानेवारी
बडबडी चालली. पलीकडच्या रस्त्यावर गाळा घेतलाय — स्वतःचा कारखाना! मिठी मारली तिला.

कापायला कोण, विचारलं. तिनं गाल फुगवले.

मास्तर!

"मास्तर, तुम्हीसुद्धा?"

म्हणाले, "रागावू नका ताई. मला बोलावलं तेव्हा तिनं सगळ्यात आधी विचारलं, तुम्हाला इथं काय सोय लागेल? मी म्हटलं, बसून कापता येईल असं टेबल. गुडघे कधीचेच गेलेत माझे. उभं राहवत नाही."

गुडघे!

मी कधी विचारलंच नाही.