चौसष्ट अँटेना आणि लांबचा आवाज

३ फेब्रु.
रबाळे, कंपनीची गच्ची, दिवसभर. डोंगराळ भागात फोनची रेंज पोचवणाऱ्या आमच्या रिलेला चौसष्ट अँटेना आणि प्रत्येकीमागे, पकडलेला सिग्नल आकड्यांत मांडणारा, महागडा, तापणारा कन्व्हर्टर. डोंगरावरच्या सोलर पॅनेलला एवढी वीज झेपायची नाही. साहेब म्हणाले, "अँटेना निम्म्या करा." मी बोलायला उभीच राहिले. म्हटलं, अँटेना म्हणजे माणसंच समजा; माणसं कमी करू नका, डोक्यावरचा बोजा कमी करा. प्रत्येकीमागे साधा कन्व्हर्टर लावू. तो सिग्नल फक्त 'वर' की 'खाली' एवढंच सांगेल. एकटा अडाणी, पण चौसष्ट मिळून अख्खं वाक्य कळतं. लोकशाही दुसरं काय असते?
साहेब : "मॅडम, ही सभा नाही." तीन आठवडे दिले मात्र.

७ फेब्रु.
माधवचा फोन. लग्नाला सहा वर्षं, त्यातली चार तो साताऱ्याकडच्या खोऱ्यात, आश्रमशाळेवर शिक्षक. रेंजसाठी शाळा सुटल्यावर खडकापर्यंत चढतो. बदलीचा अर्ज महिनाअखेरपर्यंत. नाहीतर आणखी तीन वर्षं तिथंच. मी अर्ज भरण्याची कारणं सांगितली, ओळीने. "तुझं काय?" विचारेपर्यंत लाइन गेली.
रिले पहिला त्याच्याच डोंगरावर बसायचाय. म्हणजे तिथं रेंज येणार, त्याच्या तिथं राहण्याचं कारण मीच बनवतेय.
त्याचा शर्ट दाराच्या मागे. अजून धुतलेला नाही.

१४ फेब्रु.
वीज पाव हिश्श्यावर आली. चाचणी. मी अँटेनापासून दहा पावलांवर, फोनवर चांगलं भाषणच ठोकलं. खाली टेबलावर शब्दन् शब्द स्पष्ट. टाळ्या. आमचे टेक्निशियन साळुंखे दुसरा फोन घेऊन लांब, पावणे गावाला गेले होते. तासाने परतले, घामाघूम.
"ताई, तुमचं भाषण झाक झालं म्हनं. मीबी तवाच बोलत हुतो. कुनाला आलं का ऐकू?"
कुणालाच नाही.

१६ फेब्रु.
चूक माझी. साधा कन्व्हर्टर जवळच्या, जोरातल्या आवाजाकडेच कलतो. चौसष्टच्या चौसष्ट त्याच्याच बाजूने हात वर करतात, लांबचा बुडतो. शाळेपासून भाषणं देत आयुष्यभर माइकसमोर उभी राहिलेय, आणि हे सुचू नये.
उपाय : चौसष्टांतल्या आठ अँटेनांना बारीक ऐकणारे जुने कन्व्हर्टर परत. जवळच्या फोनला सांगायचं, हळू बोल.
साळुंखे : "म्हंजे आट जन विरोधी पक्षात."

२४ फेब्रु.
पावण्याहून आवाज आला. "ह्यालो, हितं ऊन लय हाय. येऊ का माघारी?" मी शेजारी बोलत असताना आला. साहेबांची सही झाली. एप्रिलात माधवच्या डोंगरावर. सगळे पेढे खात होते. माझा पेढा पर्समध्ये तसाच.

२७ फेब्रु., शुक्र.
त्याचा फोन. रिले मंजूर झाल्याचं सांगितलं, एका वाक्यात. मग म्हटलं, "बोल." आणि थांबले.
नुसता वारा.
"बरी आहेस ना? इतकी गप्प?"
"ऐकतेय."
पुन्हा वारा. त्याचा श्वास, चढून आलेला. हा मी कधी ऐकलाच नव्हता.
"अर्ज खिशात आहे. खरं सांगू? मला..."
रेंज गेली.
उद्या शेवटची तारीख. शनिवार, सकाळची शाळा. दुपारीच चढेल खडकावर, चढला तर. मी उद्याची सुट्टी टाकलीय. फोन चार्जिंगला लावलाय.