निम्मी जोंधळी

माधवनगर, सांगली

प्रिय जयराज,

‘प्रिय’ हा शब्द पत्रलेखनाची रीत म्हणून लिहिला आहे. त्यावरून कोणतेही अनुमान काढू नये. तेहतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवल्यावर एवढी सूचना देणे मी माझे कर्तव्य समजतो.

माझा गुडघा आता बरा आहे, जिना चढता येतो. बुधवारी मी एकटाच एस.टी.ने पाचगणीस जाऊन आलो.

गेले दहा महिने दर रविवारी फोनवर मी तुझ्या आईच्या कुत्रीविषयी एकच प्रश्न विचारत आलो आणि तू एकच उत्तर देत आलास: ‘जोंधळी मजेत आहे, आप्पा.’ कधी ती साताऱ्यात तुझ्या गच्चीवर ऊन खात होती, कधी दूधभाकरीला तोंड लावत नव्हती. इतका बारीक तपशील खोट्यालाच लागतो, हे माझ्या वेळीच लक्षात यायला हवे होते. मागल्या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या इमामचा फोन आला. तो पाचगणीच्या एका रिसॉर्टवर वायरिंगच्या कामास गेला होता. म्हणाला, “सर, आवं बाईंची जोंधळी हितं हाय. मला बघून नुसती रडाय लागली. साखळी लय आखूड हाय, नीट बसताबी येईना तिला.”

म्हणून गेलो. तिच्या गळ्यावरचे केस झडून कातडे सोलवटले आहे. रिसॉर्टचा मालक, म्हणजे तुझा अशील, हसून म्हणाला, “एका कुत्रीपायी सांगलीवरनं आलासा व्हय सर? वकीलसाहेबांनी दिलेली चीज हाय. त्यांची चिठ्ठी आणा आणि घेऊन जावा.” स्टँडवरून तुला फोन केला, तर तू मला कायदा ऐकवलास. पाळीव जनावर ही जंगम मालमत्ता. एकदा दिली ती दिली. आईचा मिक्सर दिला तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, असेही म्हणालास.

तुझ्या विद्वत्तेला माझा नमस्कार. जनावराला छळू नये एवढे कायदा म्हणतो खरा, पण ते कोणाचे हे खुर्चीसारखेच ठरवतो. ज्या कायद्याला खुर्ची आणि जीव यांतला भेद अजून नीट मांडता येत नाही, त्याची मला कीव येते. ज्याला तो भेद कळतो आणि तरी जो त्या कायद्याआड लपतो, त्याची कीवही येत नाही. तुझ्या आईने मृत्युपत्र केले नव्हते. तेव्हा जोंधळी वस्तू असेल, तर वारसाहक्काने निम्मी माझी आहे. वस्तू नसेल, तर ती देणारा तू कोण? दोहोंपैकी काय मानायचे ते तू ठरव.

शेवटच्या तीन महिन्यांत तुझी आई कण्हू लागली, की हीच मला धोतराला धरून ओढत न्यायची. त्या तीन महिन्यांत तू दोनदा आलास. एकदा गाडी सुरूच ठेवून.

आता हे पत्र का लिहिले, ते सांगतो. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवत नव्हता. भाऊसोमामा म्हणाले, “दाजी, तिचा जीव कशात अडकलाय, बोला की.” मी म्हणालो, घर नीट ठेवीन, औषधे वेळेवर घेईन. कावळा फांदीवरून हलला नाही. तो कशासाठी थांबला आहे हे मला पक्के ठाऊक होते. पण घाटावर महाविद्यालयातले सहकारी उभे होते आणि त्यांच्यादेखत कुत्रीचे नाव घेण्याची मला लाज वाटली. तेव्हा तू पुढे झालास, हात जोडलेस आणि मोठ्याने म्हणालास, “आई, जोंधळीला मी सांभाळतो.” कावळा उतरला. मुलगा आपल्यापेक्षा मोठा निघाला, असे मला त्या क्षणी वाटले. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तिचा पट्टा तुझ्या हाती दिला, तो त्याच भरवशावर. येत्या बावीस तारखेस वर्षश्राद्ध आहे. सोबत चिठ्ठी लिहून पाठवली आहे, तू सही तेवढी कर. जोंधळी त्याआधी घरी आली, तर पान वाढताना मी तुझ्या आईला, दीपमालेला, सांगेन, की जयराजने शब्द पाळला. चव्वेचाळीस वर्षांत मी तिच्याशी कधी खोटे बोललो नाही. तुझ्यासाठी तेवढे एकदा बोलेन.

अजून तरी तुझाच,
आप्पा