बारचे वजन धरून

मी, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, वय सदुसष्ट, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून, चष्मा लावून, कानातले यंत्र चालू ठेवून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण आता पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असेही तेच म्हणतात. म्हणून ही घाई. दुपारी मुलगा संस्थेचा फॉर्म घेऊन येणार आहे. त्याआधी हा कागद पुरा व्हायला हवा.

कलम १. माझी धाकटी बहीण, जिला आम्ही सगळे धाकटीच म्हणतो, माझ्याजवळ राहते. लहानपणीच्या तापाने तिच्या पायांतले बळ गेले. वॉकर धरून ती घरभर फिरते, पण पडली तर आपणहून उठू शकत नाही. मागे एकदा न्हाणीघरात पडली, तेव्हा मला ती उचलेना. ओल्या फरशीवर दोघी शेजारी शेजारी बसलो आणि कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलेली गाणी मोठमोठ्याने म्हणत राहिलो. ती ऐकून खालच्या मजल्यावरचे शिंपी वर आले. आज साक्षीला डॉक्टरांबरोबर त्यांनाही बोलावले आहे.

मुलगा तेव्हा फोनवर म्हणाला, "आई, आता पुरे. मावशीला चांगल्या संस्थेत ठेवू."

मी म्हटले, "मी तिला उचलायला शिकेन."

तो हसला. मग माझ्या वाढदिवसाला वजन उचलायच्या व्यायामाची बारबेल पाठवली.

कलम २. ती चकचकीत बारबेल मी मुलालाच परत देत आहे. दिसायला सुंदर, मध्ये आट्यांनी जोडलेली. वजन गुडघ्यापर्यंत आले की जोड सैल व्हायचा आणि बार माझ्या हातात कुरकुरायचा. एकदा एका बाजूची वजनाची प्लेट निसटून माझ्या पायाच्या अंगठ्याजवळ पडली. तुझा हेतू चांगला होता, बाळा, पण तू वस्तू घेतलीस ती चकाकी पाहून.

कलम ३. दुसरा बार धाकटीने आणि मी दुकानात जाऊन निवडला. दुकानदाराने विचारले, "नातवासाठी का?" धाकटी म्हणाली, "माझ्यासाठी. म्हणजे, मीच वजन आहे."

पुढेमागे नवा घ्यावा लागला तर काय पाहायचे, ते लिहून ठेवते. बार अखंड असावा. जमिनीवर लोळवून पाहावा. हेलकावे खात गेला तर वाकडा आहे. मुठीच्या जागी खरखरीत हवा, पण किसणीसारखा नको. टोकांच्या नळ्या हाताने सहज फिराव्यात, नाहीतर वजनाचा पीळ मनगटात उतरतो. जाडी अशी असावी की बोटे वळून अंगठ्याला भेटतील. प्लेटा रबरी घ्याव्यात, कारण शिंपी खालून गजाने छत ठोकतात. त्यांना मी माफ केले आहे.

धाकटीचे वजन पन्नास किलो. हळूहळू वाढवत मी पन्नास किलोंच्या प्लेटा चढवल्या आणि त्या दिवशी आम्ही केक मागवला. त्यानंतर ती पडली तेव्हा सिस्टर सांगायच्या तशी पाठ ताठ ठेवून मी तिला उचलले, तर ती इतकी सहज वर आली की दोघी भिंतीवर आदळणार होतो. "ताई, मी हलकी झाले की काय?" धाकटी म्हणाली. मग उलगडा झाला. बारचे स्वतःचे पंधरा किलो आम्ही धरलेच नव्हते! आयुष्यभर लोकांचे नंबर जोडून दिले आणि घरची बेरीज चुकली. त्या चुकीइतका फायद्याचा व्यवहार मी दुसरा केला नाही.

हा बार आणि प्लेटा घर ज्याला मिळेल त्यालाच मिळाव्यात.

इथे लिहिणे थांबवले होते. धाकटी न्हाणीघरात गेली होती. त्या दाराची कडी आम्ही कधीच काढून टाकली आहे, तरी मी कान लावून बसते. आता पडली तर मला उचलता येणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. वॉकर फार हळू टेकवते हल्ली. आली बाहेर.

कलम ४. बँकेतल्या ठेवींचे व्याज धाकटीच्या औषधपाण्यासाठी. माझा एक्स्चेंजमधला जुना हेडफोन तिलाच. तो लावून ती माझी नक्कल करते.

कलम ५. हे घर ~~माझ्या मुलाला~~ माझ्या सुनेला मिळावे. अट एकच: धाकटीने शेवटपर्यंत याच घरात राहायचे, आणि घर घेणाऱ्याला तिला जमिनीवरून एकट्याने उचलता आले पाहिजे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. वरची खाडाखोड का झाली, ते लिहीत आहे.

डॉक्टर आणि शिंपी साक्षीला येऊन बसले होते. मुलगा आणि सूनही आली. मुलाने कलम ५ वाचले आणि कागद टेबलावर टाकला.

"आई, हे कोर्टात टिकणार नाही."

"कोर्टाचं नंतर बघू," धाकटी म्हणाली. "आधी मला उचल." आणि वॉकर सोडून, टेबलाचा पाय धरत, ती सरळ फरशीवर जाऊन बसली.

मी खुर्चीतून उठले. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवले आणि तो हात काढला नाही.

मुलाने पाठीत वाकून तिला काखेतून ओढले. ती वीतभर वर आली आणि घसरली. पुन्हा ओढले. तिने ओठ दाताखाली धरले होते.

"मावशी, जरा सहकार्य कर ना!"

"बाळा, पडलेलं माणूस सहकार्य करत नसतं."

तो कंबर धरून बाजूला झाला. मग सुनेने मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि ती धाकटीसमोर बसली.

"मावशी, पाठ बघा हं माझी."

"ताठ आहे. गुडघे बाहेर. श्वास घे. हं, आता!"

धाकटी उभी राहिली.

"तुला हे कोणी शिकवलं गं?" मी सुनेला विचारले.

"मावशींनीच. तुम्ही दुपारी यंत्र काढून झोपायच्या ना, आई, तेव्हा."

"म्हणजे दुपारचं ते धप् धप् तुमचं नव्हतं?" शिंपी मला म्हणाले. "मी उगाच तुमच्या नावानं छत ठोकत होतो!"

धाकटी वॉकर धरून धापा टाकत होती. "ताई, किती उचलते ते विचार तिला."

"पन्नास," सून म्हणाली.

"बारचं वजन धरून?" मी विचारले.

"सोडून."

मी 'माझ्या मुलाला' हे शब्द खोडले, 'माझ्या सुनेला' हे लिहिले आणि शेजारी सही केली. मुलाने संस्थेच्या फॉर्मची घडी करून ती खिशात ठेवली, फाडली नाही. तो रागावला आहे. रागावू दे. जाताना त्याने कलम २ मधला बार दाराशी नेऊन ठेवला आणि विसरल्यासारखे करून तिथेच सोडला.

स्थळ: माझे घर, जेवणाचे टेबल
दिनांक: रविवार, शस्त्रक्रियेच्या आधीचा

लिहून देणारीची सही

साक्षीदार १: डॉक्टर. लिहून देणारी पूर्ण शुद्धीत आहे. नाडी जलद, पण कारण माझ्यासमोर घडले.

साक्षीदार २: खालच्या मजल्यावरचे शिंपी. यापुढे छत ठोकणार नाही.

कायद्याने माझ्या सहीची गरज नाही असे डॉक्टर म्हणाले, तरी करते: धाकटी. मी उभी राहून सही केली आहे.