नव्या बंदुकीची पहिली मंडई

मुर्री, गोंदिया
२४ नोव्हेंबर

प्रिय पुष्पांजली,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर नुसत्या दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणून आज पेन घेऊन बसले आहे. आलेलं पत्र न वाचता बाजूला ठेवणं हा असभ्यपणा, असं सिस्टर अगाथांनी आपल्याला कॉन्व्हेंटात पक्कं शिकवलंय, तेव्हा हे तू वाचशीलच. माझ्या मांडीवर मोठा जांभळा डाग आहे, कानामागे केसांत हिरवा रंग अडकलाय तो न्हाऊनही निघालेला नाही, आणि मी इतकी आनंदात आहे की सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तर रत्नपालनी तो तसाच पिऊन टाकला. आम्ही जिंकलो, पुष्पा. मंडईच्या जत्रेतला पेंटबॉलचा सामना आम्ही बायकांनी जिंकला.

मागच्या वर्षी तू आणि गोपीचंदभाऊजी रायपूरहून मुद्दाम बघायला आला होतात, त्यामुळे खेळ तुला माहीत आहे. पण तू अर्धा वेळ पदरानं डोळे झाकून बसली होतीस, म्हणून पुन्हा सांगते. आमच्या शेजारच्या रुक्माबाईची मुलगी स्नेहल पुण्याची नोकरी सोडून आली आणि हलका धान कापून झाला की वडिलांच्या शेतातल्या रिकाम्या बांध्यांत तिनं हे मैदान मांडायला सुरुवात केली. लपायला तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे ढीग आणि कोंड्यानं भरलेली बारदानं. दोन्हीकडे पाच-पाच जण, तोंडावर मुखवटे. बंदुकीत मोठ्या बोराएवढी गोळी असते. वरून औषधाच्या कॅप्सूलसारखं कवच, आत रंग. गोळी अंगावर फुटली तर तुम्ही बाद. लागून न फुटता उडाली, तर लागलीच नाही असं धरायचं. सगळं रामायण या शेवटच्या नियमाचं आहे.

पहिल्या वर्षी स्नेहलकडे कुणी फिरकेना. पोरीचं मन मोडू नये म्हणून रुक्माबाईनं मला हाताला धरून नेलं. 'चाल वं मास्तरीण, चार लोकं दिसले पायजेत मैदानात.' शाळेतून निवृत्त होऊन मला वर्षही झालं नव्हतं. दुपारी काय करायचं ते कळत नव्हतं. बंदूक हातात घेतली, समोरच्या बारदानावर पहिली गोळी फुटली आणि मी मोठ्यानं 'सॉरी' म्हणाले! बारदानाला, पुष्पा. ती सवय अजून गेलेली नाही. कुणाला गोळी लागली की तोंडातून सॉरी निघतंच. रुक्माबाई चिडते. 'सॉरी कायले म्हणतेस वं? तुझ्या सॉरीनं त्याले समजते का तू कुठं लपून राहिली!'

ती माझी पहिली बंदूक म्हणजे शिकणाऱ्यांसाठीची. दणकट, जड, कुठूनही पडली तरी काही होत नसे. पण आवाज असा की नागऱ्याच्या देवळावरची कबुतरं उडावीत. प्रत्येक गोळीला खांद्यात धक्का. आणि ती गोळ्या चावायची. गोळी नीट आत बसायच्या आधीच आतला दांडा खाडकन पुढे यायचा आणि पातळ कवचाची गोळी नळीतच फुटून सगळा चिखल व्हायचा. म्हणून तिला जाड कवचाच्याच गोळ्या द्याव्या लागत. जाड कवचाच्या गोळ्या माणसावर फुटत नाहीत. लागतात, दुखतात आणि टुणकन उडून जातात.

मागच्या वर्षी काय झालं ते तुला आठवतच असेल. गोंदियाच्या जिममधल्या पोरांचा कप्तान मोहित, त्याच्या बरोबर छातीवर माझी गोळी बसली. सगळ्यांनी पाहिलं. तो छातीवर हात ठेवून हसला, 'आंटीजी, फूटा नहीं!' आणि आमच्या उरलेल्या दोघींना बाद करून सामना घेऊन गेला. भाऊजी दोरीपलीकडून ओरडत होते, 'फूटा है, मैंने देखा है!' पंच भैयालालजी, जन्मभर पीटी शिकवलेला माणूस, त्यांनी भाऊजींना शिट्टी दाखवून गप्प बसवलं. घरी आल्यावर भाऊजींनी आमच्या अंगणात तो सगळा प्रसंग करून दाखवला, शिट्टीसकट, आणि तू हसून हसून पोट धरलं होतंस. तुझं ते हसू मी जपून ठेवलंय. चैत्रात भाऊजी गेले, त्यानंतर तसं ऐकलं नाही.

सामन्यानंतर मंडईच्या समितीत पोरांनी सुचवलं की आंट्यांचं वेगळं ठेवा, हळदीकुंकवासोबत काहीतरी फुगे फोडायचं वगैरे. समितीनं ठरवलं की एक वर्ष आणखी बघू. यंदा बायका हरल्या तर पुढच्या वर्षीपासून मुख्य सामना फक्त पुरुषांचा. हे सांगायला आले ते अगदी गोड बोलून, आमच्याच ओसरीवर आमचाच चहा पीत. मी त्यांना बिस्किटंही दिली. कॉन्व्हेंटचं शिक्षण! ते गेल्यावर मात्र रत्नपाल म्हणाले, 'तुझा नेम बरोबर आहे, बंदूक कमी पडते. चांगली घे.' निवृत्तीनंतर स्वतःसाठी मी फक्त एक चष्मा घेतला होता. बंदुकीची किंमत मी लिहीत नाही, हे पत्र पोस्टात टाकायला तेच जाणार आहेत आणि खरा आकडा त्यांना अजून माहीत नाही.

ती बंदूक आली तो दिवस मला माझ्या लग्नाच्या दिवसापेक्षा चांगला आठवतो. (हेही रत्नपालना सांगू नकोस.) काळ्या पेटीत, मऊ स्पंजात झोपवलेली. गर्द निळी. हातात घेतली तर जुनीच्या निम्मीही वाटेना. गॅसऐवजी साध्या हवेची टाकी, ती स्नेहलच्याच मैदानावर भरून मिळते. ट्रिगर बोटानं नुसता पुसला तरी चालतो. आवाज म्हणजे चर्चमध्ये कुणीतरी रुमाल धरून खोकावं इतका. आणि तिच्या पोटात एक बारीक डोळा आहे, पुष्पा. गोळी पूर्ण खाली येऊन बसल्याचं त्या डोळ्याला दिसल्याशिवाय ती सुटतच नाही, आणि सुटते तीही गोळीला हळूच पुढे ढकलून. जुनी बंदूक मला नेहमी आपल्या हॉस्टेलच्या मेट्रनसारखी वाटायची. ही सिस्टर अगाथांसारखी आहे. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही असं झालं नाही.

तिच्यासोबत पातळ कवचाच्या गोळ्यांचं एक खोकं मागवलं होतं, आणि इथं आमच्याकडून घोटाळा झाला. दिवाळीनंतरही हवेत ओल होती. गोळ्या दमट हवेत फुगतात असं स्नेहलनं बोलता बोलता सांगितलं होतं, तेवढंच रुक्माबाईनं धरून ठेवलं. खोकं तिच्या घरी होतं. आपल्याकडे ओल लागू नये असं काहीही धानातच जातं. भिजलेला मोबाईल, सोन्याची डबी, लग्नाचे फोटो, सगळं. तिनं सगळ्या गोळ्या ढोलीतल्या धानात पुरून ठेवल्या, आणि मंडईच्या आदल्या दिवशी मोठ्या कौतुकानं बाहेर काढल्या. धानानं त्यांच्यातली ओल पार शोषून घेतली होती. कितीतरी गोळ्यांना गालावर खळी पडावी तसे खड्डे, आणि कवच इतकं कडक की नखानं दाबलं तर तडकायचं. स्नेहल मटकन खाली बसली. 'आई, तू काऊन केलं असं?' रुक्माबाई म्हणाली, 'मले का मालूम! ओल लागू देऊ नको, तूच बोलली. आता रडून राहिली.' नव्या गोळ्या मागवायला वेळ नव्हता. खड्ड्याची गोळी वाकडी जाते, आणि बाकी चौघींच्या साध्या बंदुकांनी तर त्या आतच फोडल्या असत्या.

मी एक गोळी उचलून नव्या बंदुकीत घातली आणि अंगणातल्या वाळत घातलेल्या पोत्यावर मारली. बंदुकीनं तिला ओरखडाही न पाडता बाहेर सोडलं. आणि ती फुटली कशी सांगू? जुन्या जाड गोळ्या तसल्या ढिल्या पोत्यावरून उडून जायच्या. ही टेकली आणि फुटली. मी परत मारली. परत फुटली. वाळून वाळून त्या इतक्या नाजूक झाल्या होत्या की कुणाच्या बाहीला नुसत्या लागल्या तरी फुटणार होत्या. फक्त माझ्यासाठी गोल तेवढ्या निवडायला हव्या होत्या, बाकी चौघी नेहमीच्या जाड गोळ्याच वापरणार होत्या. 'हत् तिच्या!' म्हणत रुक्माबाईनं सूप आणलं. तांदळातले खडे काढतो तसं सूप तिरपं धरून तिनं गोळ्या सोडल्या. गोल होत्या त्या सरळ घरंगळत खाली आल्या, खड्ड्याच्या लंगडत कडेला गेल्या. आम्ही अंगणात मांडी घालून तेच करत बसलो, आणि रत्नपाल चाळलेल्या गोळ्या स्टीलच्या डब्यात भरत म्हणाले, 'आता यांची खीर करा.'

मंडईच्या दिवशी सकाळपासून ढोल. दंडारीत नाचणारी पोरं तोंडाला रंग लावून हिंडत होती, जिलेबीच्या कढया चढल्या होत्या, आणि मैदानाच्या दोरीला इतकी गर्दी की भैयालालजींना शिट्टी फुंकून फुंकून धाप लागली. पोरं येऊन पाया पडली, 'आंटीजी, आशीर्वाद दो.' रुक्माबाई म्हणाली, 'आशीर्वाद घे, पण कप ठेवून जा.' सुरुवात आमच्यासाठी वाईट झाली. अंगणवाडीतल्या आमच्या दोघी पहिल्याच धावेत बाद झाल्या. मी उजवीकडच्या धुऱ्याच्या उंचवट्याआडून दोघांना टिपलं. दोघांनाही कळलं नाही की गोळी कुठून आली, कारण बंदुकीचा आवाजच नाही. कळलं ते माझ्या सॉरीमुळे! सॉरीच्या दिशेनं तिसऱ्यानं अशी झोड उठवली की एक गोळी मांडीला लागली. नशीब की फुटली नाही. त्यांच्याकडे यंदाही जाड कवचाच्याच होत्या. 'फूटा नहीं, बेटा,' मी ओरडले, आणि दोरीपलीकडे जो हशा झाला!

मग आमच्यातली कुंदाबाई बाद झाली, तिनं जाता जाता एकाला सोबत नेलं. रुक्माबाई बांधीतून सरपटत एका ढिगापासून दुसऱ्यापर्यंत जात होती, तिनं एकाला अगदी जवळून मारलं आणि उठून नाचली, तेवढ्यात मोहितनं तिला टिपलं. बाहेर जाताना ती माझ्यासमोरून गेली आणि ओठ न हलवता म्हणाली, 'सॉरी म्हणशील तर पाहून घेईन.' आता मैदानात मोहित आणि मी. माझे गुडघे कुरकुरत होते, मुखवट्याच्या काचेवर वाफ धरली होती. मला वाटलं, इथं चुकले तर सूप, ढोली, रत्नपालचा शब्द, सगळ्या बायकांची जागा, सगळं माझ्या एका गोळीबरोबर जाणार. तो तणसाच्या मोठ्या ढिगाआडून बाहेर आला. घाई न करता आला. मागच्या वर्षी आंटीची गोळी छातीवरून उडाली होती ना. मी श्वास सोडला, ट्रिगर पुसला. रुमालातला खोकला. मोहित थांबला, सवयीनं हात वर करून 'आंटीजी, फूटा न…' इतकं म्हणाला आणि त्यानं खाली पाहिलं. बरोबर छातीवर, ताटाएवढा हिरवा डाग. मी ओठ घट्ट आवळून धरले होते. भैयालालजी सावकाश चालत गेले, डागाला बोट लावलं, बोट सगळ्यांना दाखवलं. 'फूट गया, बेटा. बाहर.'

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. ढोलवाले दोरी ओलांडून आत आले. रुक्माबाईनं माझ्या डोक्यावर उरलेल्या गोळ्या फोडल्या, म्हणून हा कानामागचा रंग. समितीच्या अध्यक्षांनी माइकवर सांगितलं की सामना पूर्वीसारखाच, सगळ्यांसाठी खुला, आणि ते बोलत असताना माझ्याकडे बघत नव्हते. मोहित मुखवटा काढून आला, पाया पडला आणि लहान मुलासारखं म्हणाला, 'आंटीजी, एक बार पकडने दो ना.' मी दिली. त्यानं ती निळी बंदूक अशी अलगद धरली की तेव्हा मला त्याच्याबद्दल माया वाटली, आणि मी अखेर सॉरी म्हणाले.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. तुझ्या सूनबाईचा फोन आला होता. तू दिवाळीत खिडक्याही उघडल्या नाहीस, जेवतेस ते उभ्यानं, आणि कुणी बोलावलं तर म्हणतेस, माझी आता कुठे गरज आहे. फोनवर मी काही बोलले असते तर तू हं हं करून ठेवून दिला असतास. म्हणून लिहून कळवते. कुंदाबाई नातवाला सांभाळायला नागपूरला चालली आहे. आमच्यात चार जणी उरल्या, आणि संक्रांतीनंतर भंडाऱ्याचा संघ येतोय. ही जागा आम्ही भांडून राखली आहे, पुष्पा. ती भरली नाही तर राखून काय उपयोग? दुःख घरी ठेवून ये असं मी म्हणत नाही. सोबत घेऊन ये, आमच्या ओसरीवर त्यालाही जागा आहे. स्नेहलकडच्या यादीत पाचवं नाव तुझं घातलंय. शनिवारी सकाळच्या गाडीनं मी रायपूरला येते आहे, आणि परतीची तिकिटं दोन काढली आहेत. जुने बूट आणि रंग लागला तरी चालेल अशी सलवार तेवढी भर.

तुझीच, अजून हिरवीगार,
अल्का