आदेमारच्या वाटणीचा मॅते

३ जून
पोचलो एकदाचे! माझी लेक मालेना, मी, दोन ट्रंका आणि मांजर. घर नदीकाठच्या खालच्या गल्लीत मिळालं, अंगणात संत्र्याचं झाडसुद्धा आहे. शेजारणीने गरम पुरी दिली, तर मालेना खणखणीत आवाजात ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हणाली. सहा वर्षांची आहे, पण शिकवलेलं विसरत नाही. मॅते हा कडू चहा एकच वाटी आळीपाळीने फिरवून पितात; त्या फेरीत मात्र ग्रासियास म्हणणं म्हणजे ‘पुरे, मी उठलो’. हे तिला सांगायचं राहिलंय.

कचेरी गल्लीच्या तोंडाशीच आहे. तिथल्या मोठ्या संगणकाच्या पोटात एक कंटेनर चालतो, म्हणजे संगणकातच थाटलेला दुसरा छोटा संगणक. तो नदीचं पाणी मोजतो आणि पूर चढला की खालच्या गल्ल्यांतले भोंगे वाजवतो. त्याला सांभाळणं हे माझं काम.

५ जून
साहेब, विल्मार, गोड माणूस. पण एक खूळ आहे. मॅते फिरवताना एक वाटी रिकाम्या खुर्चीपुढे धरतात. तिथे आदेमार बसायचे. कंटेनर त्यांनीच उभारला. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. विल्मार म्हणतात, तो अजून पहाऱ्यावर आहे, वाटी नेहमी रिकामी परत येते.

आज मला राहवलं नाही. वाटी खुर्चीपुढे गेली तशी मी म्हाताऱ्याचा आवाज काढून म्हणाले, ‘ग्रासियास!’ विल्मार हसले नाहीत. ‘पोरी, हे काय बोलून बसलीस,’ एवढंच पुटपुटले. वाटी भरलेलीच परत आली. असणारच की!

८ जून
वीज गेली, आली. कंटेनर सुरू होता होता अडकला. एकेक सेवा जागी होते आणि मग तीच ओळ: ‘पहारेकऱ्याची वाट पाहत आहे. मुदत नाही.’ जाळं तपासलं, डिस्क तपासली, नक्कल करून दुसऱ्या यंत्रावर चालवली. तिथेही तेच. आदेमारनी नियमच करून ठेवलाय: पहारेकऱ्याची हजेरी लागल्याशिवाय भोंगे हाती घ्यायचे नाहीत. आणि पहारेकरी म्हणून नाव फक्त आदेमारचं.

मग चार वर्षं हजेरी लावत कोण होतं? विल्मार म्हणतात, तोच; तू त्याच्या वतीने ग्रासियास म्हणालीस आणि तो उठून गेला. आपोआप हजेरी लावणारी एखादी आज्ञा असेल म्हणून सगळं उपसलं. नाही सापडली.

९ जून
वरच्या अंगाला पाऊस धो धो. नदी घाटाच्या दुसऱ्या पायरीवर. चौथी बुडाली की गल्ली गेली. हाताने भोंगे वाजवायची सोय कधीच मोडीत काढली आहे. वाट पाहण्याचा नियम पुसला. पुन्हा सुरू केलं, तर नियम जागच्या जागी. विल्मार दिवसभर खुर्चीपुढे वाटी धरून आदेमारची माफी मागत होते. वाटी भरलेलीच.
मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं, बरं वाटलं.

१० जून
आदेमारच्या जागी माझं नाव घालायचं ठरवलं. विल्मारांनी हात धरला. इतर नोकऱ्या सोडता येतात, ही नाही, म्हणाले. पण मालेना त्याच गल्लीत राहते. दुसरं काय करणार होते मी?
नाव घातलं. कंटेनर लगेच सुरू झाला. विल्मारांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि मला हाका मारू लागले. मी त्यांच्या समोर उभी होते.

११ जून
मालेना शेजारणीला विचारत होती, आई कधी येणार. मी तिच्या शेजारी बसले होते. केस विंचरायला गेले तर कंगवा —
मांजर तेवढं बघतं.

१२ जून
तिसरी पायरी बुडाली. कंटेनर चालू आहे. भोंगे वाजतील. वाजायलाच हवेत.
शेजारीण मालेनाला घेऊन कचेरीत आली, आईची चौकशी करायला. विल्मार रडले. मग वाटी भरून मालेनाच्या हातात दिली. म्हणाले, त्या खुर्चीपुढे धर, तुझी आई आहे तिथे.
धरली तिने. मी प्यायले. वाटी रिकामी झाली, तिने पाहिलं, किती दिवसांनी हसली —
आता माझ्या तोंडून आभार ऐकायची वाट बघते आहे. आई काहीच बोलत नाही. आई विसरली असं वाटून तीच माझ्या वतीने — मालेना, नको, पाणी — राणी, तोंड मिट, ते नको म्ह